फ्लाइट सिमसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर: कधी बदलायचा आणि कधी हात लावायचा नाही

ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर. नवा ड्रायव्हर आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना येते आणि हात आपसूक ‘डाउनलोड’कडे जातो. फ्लाइट सिम, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, खेळणाऱ्याने तिथे क्षणभर थांबावं. ड्रायव्हर नवा आहे, एवढं कारण पुरेसं नाही. नेमबाजीचा खेळ मध्येच बंद पडला तर पुढच्या फेरीपासून पुन्हा सुरू करता येतो. मुंबईहून उडून नऊ तासांनी हीथ्रोच्या फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, स्क्रीन काळी झाली, तर सगळी संध्याकाळ पाण्यात. म्हणून सिमवाल्याला सेकंदाला दोन-चार जास्तीच्या फ्रेमपेक्षा (स्क्रीनवरच्या चित्रांपेक्षा) स्थिरपणा मोलाचा.

पण ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणत तीन वर्षं जुना ड्रायव्हर ठेवणंही चूक आहे. ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात, आणि सिम स्वतः बदलत राहतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किंवा एक्स-प्लेन १२ यांचं आजचं रूप पहिल्या दिवसाचं राहिलेलं नाही. तेव्हा ड्रायव्हर बदलायचा, पण कारण असेल तेव्हा, एका वेळी एकच गोष्ट बदलून, आणि परतीचा रस्ता मोकळा ठेवून.

आधी बघा, दुखणं कार्डाचं आहे का

सिम अडखळतंय म्हणून ड्रायव्हर बदलणारे पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं प्रोसेसरचं असतं, आणि त्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरचा उतारा चालत नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सेटिंगमधून डेव्हलपर मोड चालू करा आणि वर आलेल्या पट्टीतून ‘डिस्प्ले एफपीएस’ निवडा. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसलं तर अडकलंय ते प्रोसेसरपाशी. अशा वेळी ट्रॅफिक कमी करा, ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ २०० असेल तर १०० वर आणा. फरक तिथे दिसेल. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ दिसलं तरच कार्ड, त्याची सेटिंग आणि ड्रायव्हर यांचा विचार करायचा. लढाऊ विमानांच्या डीसीएस या सिममध्ये उजवा कंट्रोल आणि पॉझ ही बटणं एकत्र दाबली की फ्रेमची माहिती येते. एक्स-प्लेनमध्ये ‘डेटा आउटपुट’मधली फ्रेम-रेटची ओळ चालू केली की सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (कार्ड) यांचा वेळ वेगवेगळा दिसतो, ज्याचा वेळ जास्त, अडथळा त्याचा.

आणखी एक नेहमीचा घोटाळा व्हीरॅमचा, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा. कार्डावर ८ जीबी मेमरी आहे, टेक्स्चर (जमीन, इमारती, विमान यांच्या पृष्ठभागांवरची चित्रं) ‘अल्ट्रा’वर आहेत आणि विमान मोठ्या विमानतळाजवळ आलं की फ्रेम एकदम आठ-दहावर कोसळतात. हवेत वर असताना मात्र सगळं सुरळीत. हे मेमरी भरल्याचं लक्षण आहे. टेक्स्चर एक पायरी खाली आणा.

एएमडीचं कार्ड आणि एक्स-प्लेन १२ असेल, आणि प्लगइनच्या (सिमला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमच्या) खिडक्या किंवा कॉकपिटमधले पडदे लुकलुकत असतील, तर ड्रायव्हरमागे धावण्याआधी ग्राफिक्स सेटिंगमधला ‘झिंक’चा पर्याय चालू करून बघा. सिम स्वतः वल्कनवर चालतं, पण पुष्कळ प्लगइन अजून ओपनजीएलवर चित्र काढतात; कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या या दोन वेगळ्या पद्धती. त्या दोघांच्या सांध्यावर ही लुकलुक होते, आणि झिंक तो सांधाच टाळतो.

बदलायला खरं कारण कोणतं

नवं कार्ड घेतलं. सिमची मोठी आवृत्ती आली. तुमच्या सिमचं नाव ड्रायव्हरच्या टिपणात दुरुस्त्यांखाली आलं. सुरक्षेची सूचना निघाली. किंवा तुम्हाला हवी असलेली सोय जुन्या ड्रायव्हरमध्ये नाहीच. या शेवटच्या कारणाचं उदाहरण डीएलएसएस ४ चं. डीएलएसएस म्हणजे लहान आकारात काढलेलं चित्र एआयने मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र. एनव्हिडिया ॲपमधून जुन्या खेळाला डीएलएसएसचं नवं मॉडेल लावायची सोय २०२५ च्या जानेवारीत ५७२ मालिकेच्या ड्रायव्हरसोबत आली. कॉकपिटमधल्या आकड्यांची अक्षरं त्यामुळे बरीच स्पष्ट होतात, म्हणून हे कारण रास्त.

प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक पीडीएफ किंवा पान येतं. ते सगळं वाचायची गरज नाही. ‘फिक्स्ड’ आणि ‘ओपन’ किंवा ‘नोन इश्यूज’ हे दोन भाग उघडा आणि त्यात आपलं सिम, आपल्या कार्डाची मालिका आणि व्हीआर वापरत असाल तर आपल्या हेडसेटचं नाव शोधा. ‘ओपन’खाली आपलं काही निघालं तर हा ड्रायव्हर सोडून द्या.

काही सापडलं नाही तरी आलेल्या दिवशीच टाकू नका. दोन आठवडे जाऊ द्या. २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर काही कार्डांच्या पंख्यांचा वेग बिघडवतो म्हणून मागे घ्यावा लागला होता. २०२३ च्या मार्चमध्ये ५३१.१८ मुळे खेळ बंद केल्यावरही प्रोसेसर राबत राहायचा; त्यावर काही दिवसांतच ५३१.२६ ही तातडीची दुरुस्ती आली. २०२५ च्या सुरुवातीला ५७२ मालिकेत काळ्या स्क्रीनच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आरटीएक्स ४० मालिकेचे अनेक सिमवाले ५६६.३६ वरच थांबले, आणि ते शहाणपणाचं होतं. आरटीएक्स ५० वाल्यांना तो मार्ग नव्हता, कारण त्यांच्या कार्डांना ५७२.१६ किंवा त्यानंतरचाच ड्रायव्हर चालतो.

इंटेल आर्कचं कार्ड असेल तर मात्र गणित उलटं. त्या कार्डांची कामगिरी २०२२ पासून ड्रायव्हरमागून ड्रायव्हर सुधारत गेली आहे, त्यामुळे तिथे अद्ययावत राहण्यात फायदा जास्त. एएमडीमध्ये ‘रेकमेंडेड’ आणि ‘ऑप्शनल’ अशा दोन खुणा दिसतात. सिमसाठी ‘रेकमेंडेड’ घ्या. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर येत नाहीत, फक्त सुरक्षेचे येतात. ती कार्डं असतील तर ५८० मालिकेतला स्थिर चालणारा ड्रायव्हर ठेवा आणि सुरक्षेच्या सूचनेवर लक्ष ठेवा.

बदलण्याआधी

सध्याचा आकडा लिहून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोज तो वेगळ्याच रूपात दाखवतं: ३२.०.१५.६६३६ असं काहीतरी. घाबरू नका. शेवटचा टिंब काढून शेवटचे पाच आकडे घ्या, ५६६३६, आणि तिसऱ्यानंतर टिंब द्या. झाला ५६६.३६. ही खूण एनव्हिडियापुरती.

आता त्याच आकड्याची इन्स्टॉलर फाइल डिस्कवर आहे का बघा. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून जुन्या ड्रायव्हरच्या यादीतून आधी ती उतरवा. फाइल सहाशे-नऊशे एमबीची असते, आणि नवा ड्रायव्हर बिघडल्यावर अंधुक ठोकळेबाज स्क्रीनवर ती शोधत बसणं फार त्रासाचं. कंट्रोल पॅनेलमधल्या थ्रीडी सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा: व्ही-सिंक, फ्रेमची मर्यादा, शेडर कॅशचा आकार. तीन मॉनिटर जोडून एकच रुंद चित्र केलं असेल तर त्या मांडणीचाही फोटो घ्या, जुनं सगळं काढून होणाऱ्या ‘क्लीन’ इन्स्टॉलमध्ये ती पुसली जाते.

मग मोजमाप. एक ठरावीक उड्डाण बांधून ठेवा. उदाहरणार्थ मुंबईची धावपट्टी २७, दुपारचे १२, ‘फ्यू क्लाउड्स’ हवामान, लाइव्ह वेदर, लाइव्ह ट्रॅफिक आणि मल्टिप्लेअर बंद, नेहमीचंच विमान. उड्डाण करा, जुहूवरून समुद्राकडे जा, वळून परत शहरावर या. पाच मिनिटं पुरेत. सिम जमिनीची चित्रं इंटरनेटवरून ओढतं, म्हणून हे दोनदा करा आणि दुसऱ्या वेळचे आकडे धरा. कॅपफ्रेमएक्ससारख्या साधनात सरासरीसोबत ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग, दिसतो. अडखळणं पकडायचं तर तोच आकडा बघा. सरासरी ४५ असून तो १५ असेल तर लँडिंगला त्रास होणारच.

टाकताना

लाइट जाण्याची शक्यता असेल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. सिम, ब्राउझर, व्हीआरचं सॉफ्टवेअर, कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग करणारं (ते मूळ वेगापेक्षा जास्त पळवणारं) साधन, सगळं बंद. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडा. आवाज मॉनिटरमधून येत असेल तर ‘एचडी ऑडिओ’ची खूण काढू नका. मध्ये काही सेकंद स्क्रीन काळी होते, एक-दोनदा लुकलुकते. ते नेहमीचंच आहे. पॉवरचं बटण दाबलंत तर मात्र अर्धवट ड्रायव्हर गळ्यात पडेल. शेवटी रीस्टार्ट करा, इन्स्टॉलरने मागितला नाही तरी.

डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हे साधन दरवेळी वापरायला पुष्कळ जण सांगतात. गरज नसते. एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं, मागच्या ड्रायव्हरवर परतायचंय, किंवा साध्या पद्धतीने टाकूनही विचित्र वागणूक चालूच आहे, अशाच वेळी ते काढा. नवी फाइल आधी उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जा आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये या. इथे लॅपटॉपवाले हमखास अडकतात: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर तो रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. सुरुवात करण्याआधीच कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तोही आठवतोय ना बघा. मग डीडीयू उघडा, जीपीयू आणि कंपनी निवडा, ‘क्लीन अँड रीस्टार्ट’, आणि परत आल्यावर ड्रायव्हर टाकून मगच इंटरनेट जोडा.

टाकल्यावर

पहिल्या उड्डाणावरून ड्रायव्हरला नावं ठेवू नका. ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर (प्रकाश-रंग कसे काढायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) बाद होतात आणि सिम ते नव्याने बांधतं. त्यामुळे पहिल्यांदा लोड व्हायला वेळ लागतो, कॅमेरा फिरवला की झटके बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हे ओसरतं. डीसीएसमध्ये ओसरलं नाही तर ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएसच्या फोल्डरमधून ‘एफएक्सओ’ आणि ‘मेटाशेडर्स२’ यांच्यातल्या फाइली काढून टाका. सिम त्या पुन्हा बनवतं. इतर सिमसाठी डिस्क क्लीनअपमधली ‘डायरेक्टएक्स शेडर कॅश’ची खूण पुरते. एनव्हिडियात शेडर कॅशचा आकार १० जीबी ठेवला तर मोठ्या सिमला सोयीचं जातं.

मग बांधून ठेवलेलं तेच उड्डाण पुन्हा दोनदा. आकडे जवळपास सारखे आले आणि दोन-तीन तासांचं एक उड्डाण विनाखंड झालं, की ड्रायव्हर पास.

सिम पडलं तर इव्हेंट व्ह्युअर उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’खाली ४१०१ क्रमांकाची नोंद, म्हणजे ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं’, मिळाली तर कार्ड दोन सेकंदांहून जास्त गप्प राहिलं आणि विंडोजने ते रीसेट केलं. याचा दोष लगेच ड्रायव्हरवर ढकलू नका. ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट (कार्डाला कमी केलेलं व्होल्टेज) काढून मूळ वेगावर तेच उड्डाण करा. दुसऱ्या खेळात महिनोन्‌महिने टिकलेलं ओव्हरक्लॉक सिममध्ये अर्ध्या तासात उघडं पडतं. तरीही पडलं तर मागचा ड्रायव्हर: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॉप्टर्स, प्रॉपर्टीज, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल तर डीडीयू आणि जपून ठेवलेली फाइल.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात हे विसरू नका. इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर फार जुना राहिला तर मोठं कार्ड असूनही चित्र अडखळू शकतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’खाली सिमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावलंय ना, तेही बघा. विशेषतः सिमची मोठी आवृत्ती आल्यावर.

सगळं जमल्यावर विंडोज अपडेट गुपचूप ड्रायव्हर बदलू नये याची तजवीज करा. ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून अपडेटसोबत ड्रायव्हर येणं थांबवा. आणि व्हॅटसिमवर, म्हणजे सिमवाले आणि हौशी हवाई नियंत्रक एकत्र येतात त्या ऑनलाइन जाळ्यावर, मोठा कार्यक्रम असेल, ‘क्रॉस द पाँड’सारखा, तर त्याच्या आठवडाभर आधीपासून ड्रायव्हर, विंडोज, बायोस, कशालाच हात लावू नका.