राजहंसगडावरून लांबचं दिसत नाही? या चुका टाळा

बेळगावजवळच्या या गडाच्या तटावर उभं राहून घार किंवा सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान शोधताना बरेच जण डोळ्यांना दोष देतात. बहुतेक वेळा चूक बघण्याच्या पद्धतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकाशावरून नजर सरसर फिरवणं. डोळा झपकन सरकतो तेव्हा त्या क्षणाचं चित्र मेंदू दाबून टाकतो. त्यात एका वेळी अगदी स्वच्छ दिसतं ते जेमतेम २ अंशांत, म्हणजे हात ताठ करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. म्हणून आकाशाचे मुठीएवढे, सुमारे १० अंशांचे भाग पाडा. प्रत्येक भागावर नजर १-२ सेकंद थांबवा, मगच पुढे सरका.

फक्त हालचाल शोधू नका. सरळ आपल्याकडे येणारं विमान जागचं हलत नाही, आणि लहानही दिसतं. एटीआर-७२ या छोट्या प्रवासी विमानाचे पंख २७ मीटर, पण समोरून धड ३ मीटरच्या आतच.

निरभ्र आकाशात डोळ्याला धरायला काही नसलं, की त्याचा फोकस आपोआप १-२ मीटरवर येतो. मग घार समोर असूनही पुसटते. मधूनमधून लांबच्या डोंगराच्या कडेवर किंवा ढगाच्या काठावर नजर टेकवा.

आता मर्यादेचा हिशोब. निरोगी डोळा साधारण १ कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक ओळखतो. १ किलोमीटरवर ही कला २९ सेंटिमीटर भरते. घारीच्या शेपटीच्या खाचेसारखा तपशील अगदी १० सेंटिमीटरचा धरला, तरी साडेतीनशे मीटरपलीकडे हरवतो. तिथून पुढे ‘ही घारच’ असं छातीठोक सांगू नये. पण ही मर्यादा तपशील वेगळे दिसण्याची आहे, नुसतं असणं जाणवण्याची नव्हे. उजळ आकाशापुढे काळी तार याच्या कितीतरी बारीक असली तरी दिसते, कारण तिथे आकारापेक्षा उठाव कामाला येतो. म्हणून ऊन पाठीशी घ्या आणि सकाळी लवकर बघा. दुपारी तापलेल्या रानावरची हवा थरथरते, तेव्हा दुर्बीण ती थरथरसुद्धा मोठी करून दाखवते. १० पटीची दुर्बीण हातात हलते. ८ पटीची घ्या, कोपरं तटावर टेकवा.

एवढं करूनही जमेना तर घरी ६ मीटरवर ८.७ मिलिमीटर उंचीची ठळक अक्षरं लावा आणि एकेक डोळा झाकून वाचा. अडखळलात तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.