आकाशगंगेचा फोटो: सगळा खेळ फोकसचा

एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) थोडं कमी-जास्त झालं तर नंतर सावरून घेता येतं. फोकस चुकून फुगलेले तारे मात्र कशानेच टोकदार होत नाहीत, म्हणून सर्वात जास्त वेळ फोकसलाच द्या.

अमावास्येच्या आगेमागे तीन-चार दिवस, शहरी दिव्यांपासून लांबची जागा निवडा. आकाशगंगेचा सर्वात ठळक भाग धनु राशीच्या दिशेला आहे. ती रास किती वाजता वर येते ते आकाशनकाशाच्या ॲपवर आधी बघून ठेवा.

ऑटोफोकस बंद करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात, एखादा तेजस्वी तारा घ्या, तो भाग दहापट मोठा करा आणि रिंग अगदी हळू फिरवा. ठिपका बारीक होत जातो आणि एका जागेनंतर पुन्हा फुगायला लागतो. तिथून किंचित मागे या आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. हवा गार होत गेली की फोकस सरकतो, तेव्हा तासाभराने परत तपासा.

आता सेटिंग: रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), एफ २.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. शटर किती वेळ उघडं ठेवायचं? ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने) भागा: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २० मिमी लेन्सला २५ सेकंद. क्रॉप सेन्सर (त्याहून लहान) असेल तर आधी फोकल लेंग्थला १.५ ने गुणा. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एवढ्या वेळातही तारे लांबट दिसतात. तिथे ५०० ऐवजी ३०० धरलेलं बरं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी सोय) बंद, आणि बटण दाबल्याचा हादरा टाळायला २ सेकंदांचा टायमर.

अंधारात स्क्रीन फार उजळ भासते आणि काळपट फोटोही छान वाटतो. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा, त्यातला उंचवटा डाव्या, म्हणजे काळ्या, कडेला चिकटलेला असेल तर आयएसओ वाढवा.

नंतरचे फोटो धूसर येऊ लागले तर लेन्सवर लाल टॉर्च मारून बघा, बहुधा दव असतं. फडक्याने पुसलं तर डाग पसरतात आणि दव पुन्हा धरतंच. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सभोवती सुरुवातीपासूनच गुंडाळून ठेवा.