आपियाच्या दगडांवरून ई-सायकल : रोमची अवशेषफेरी न पडता कशी करावी

रोमची व्हिया आपिया अँटिका, म्हणजे शहराबाहेर जाणारा जुना रोमन रस्ता, ई-सायकलवरून बघायची म्हटलं की लोक मला आधी हवामान विचारतात, मग हेल्मेट, मग सनस्क्रीन. ते तुमचं तुम्ही बघा. कामानिमित्त मी काही वर्षं रोममध्ये राहते. पुण्याहून कोणी आलं की ही फेरी ठरलेली असते, त्यामुळे दहा-बारा वेळा तरी झाली असेल. लोक ज्या गोष्टींची धास्ती घेतात त्या सगळ्या सोप्या निघतात. माणसं पडतात ती सेसिलिया मेतेल्लाच्या थडग्यापुढच्या फरसबंदीवर, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी तिथेच पडले होते.

फेरी ठरवताना

तीन प्रश्न विचारा. गटात माणसं किती? आठच्या वर असतील तर सोडा, कारण गाईडचा आवाज शेवटच्या सायकलपर्यंत पोचत नाही आणि सगळा वेळ मागे राहिलेल्यांची वाट बघण्यात जातो. गाईड परवानाधारक आहे का? इटलीत इतिहास सांगणाऱ्या गाईडला परवाना लागतो. नुसता वाट दाखवणारा मुलगा मिळाला तर तो प्रत्येक पडक्या भिंतीला ‘खूप जुनी’ एवढंच म्हणतो. आणि टायर किती रुंद? दोन इंचांपेक्षा बारीक टायरची शहरी सायकल देणार असतील तर पैसे देऊ नका.

कोलोसियम, आपिया, भुयारी दफनभूमी आणि जलसेतू, सगळं तीन तासांत, अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. आपिया आणि काफारेल्लाचं खोरं यांनाच तीन-चार तास लागतात, जलसेतू धरले तर पाच-सहा. वार शक्यतो रविवार घ्या, त्या दिवशी गाड्यांना आडकाठी असते. पण दफनभूमींचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, सान कालिस्तोची बुधवारी बंद असते आणि दोमितिल्लाची मंगळवारी. वेळ सकाळची.

सायकल हातात आल्यावर

पहिलं काम ब्रेक तपासण्याचं. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथल्या भाड्याच्या बहुतेक सायकलींना डाव्या हाताला. चढायच्या आधी सायकल पुढे ढकलत एकेक ब्रेक दाबून कुठलं चाक थांबतं ते बघा, आणि दोनदा तोंडाने म्हणा, ‘डावा पुढचा, उजवा मागचा.’ लोक हसतील, हसू द्या.

दुसरं म्हणजे, ही स्कूटर नव्हे. युरोपच्या नियमांप्रमाणे मोटर २५० वॉटची असते, पेडल मारलं तरच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. माझ्या मावशीने पहिली पाच मिनिटं हँडलची मूठ पिळण्यात घालवली आणि सायकल बिघडली आहे असं जाहीर केलं. ती ६४ वर्षांची आहे, आणि पुढे ती एकदाही पडली नाही, कारण तिने सांगितलेलं ऐकलं.

सायकलवर आधीचे ओरखडे असतील तर फोटो काढून ठेवा.

तटबंदीपासून सेसिलियापर्यंत

सान सेबास्तियानोच्या वेशीतून बाहेर पडायचं. ही सम्राट ऑरेलियनच्या तटबंदीतली वेस, तिसऱ्या शतकातली. रस्ता मात्र तिच्याहून साडेपाचशेपेक्षा जास्त वर्षांनी जुना, इसवी सनपूर्व ३१२ मध्ये आपियुस क्लाउदियुसने सुरू केलेला. आधी तो कापुआपर्यंत होता, नंतर थेट ब्रिंदिसीच्या बंदरापर्यंत गेला. २०२४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, ती बैठक नवी दिल्लीत झाली होती. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि प्रत्येकाला उगाच बरं वाटतं.

वेशीबाहेरचा पहिला टप्पा दिसायला साधा आणि वागायला वाईट आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पदपथ नाही, रविवार सोडून गाड्या कानाजवळून जातात. एका ओळीत, उजव्या कडेने, न थांबता जा. ‘दोमिने क्वो वादिस’ या छोट्या चर्चपाशी डावीकडे काफारेल्लाची वाट फुटते. चांगला गाईड इथेच गाडीरस्ता सोडतो. सरळ जायचा हट्ट करणाऱ्या गाईडला कारण विचारा.

दफनभूमीत उतरणार असाल तर अंगावर काहीतरी घ्या. वर उन्हाने जीव जात असला तरी खाली सोळा अंशांच्या आसपास असतं. पुढे सम्राट माक्सेंतियुसची रथशर्यतीची सर्कस लागते. लोक ती बाहेरूनच बघून पुढे जातात, हे मला पटत नाही. आत जा, रथांच्या शर्यतीचं मैदान किती लांब असायचं हे तिथे गवतात उभं राहिल्यावरच कळतं.

मग चढ, आणि चढाच्या माथ्यावर सेसिलिया मेतेल्लाचं गोल, बुरुजासारखं थडगं. शिलालेख तिच्याबद्दल एवढंच सांगतो की ती क्रेटिकसची मुलगी आणि क्रासुसची बायको. एवढं मोठं बांधकाम, आणि बाईबद्दल स्वतंत्र शब्द एक नाही. वरच्या पट्टीवर बैलांच्या कवट्या कोरल्या आहेत, त्यावरून या जागेचं नावच पडलं कापो दि बोवे, म्हणजे बैलाचं डोकं. चढाला बॅटरी लागेल तेवढी वापरा, तिचं काम तेच आहे.

खरे दगड

थडग्यापाशी सायकलवरून उतरा. पाणी प्या. इथून पुढे मूळ रोमन फरसबंदी तुकड्यातुकड्यांनी येते आणि तुमचं आत्तापर्यंतचं सायकलचं ज्ञान तिथे चालत नाही.

हे दगड आल्बान टेकड्यांच्या ज्वालामुखीचे आहेत. त्या लाव्ह्याची जीभ याच टेकडीपाशी येऊन थिजली, थडग्याच्या तळघरात ती बघायलाही मिळते. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, कठीण दगड. पावसाळ्यात गडाच्या झिजलेल्या पायऱ्यांवरून जो घसरला आहे त्याला या दगडाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. एकेक चिरा परातीएवढा, वरून गोलाई आलेला, आणि दोन चिऱ्यांमध्ये बोटभर ते मूठभर फटी. रोमन लोक अशा खडबडीत रस्त्यावरून कसे जात, हा प्रश्न दर फेरीत कोणीतरी विचारतंच. ते असे जात नसत. सहाव्या शतकात प्रोकोपियस या इतिहासकाराने हा रस्ता पाहिला तेव्हा, म्हणजे रस्ता आठशे वर्षांहून जुना झाल्यावरही, दगड एकमेकांत इतके घट्ट बसलेले होते की ते जोडलेले नाहीत, एकत्रच वाढले आहेत असं त्याला वाटलं. आजच्या फटी त्यानंतरच्या शतकांनी पाडल्या.

पहिल्या खेपेला माझ्या गाईडने सांगितलं, ‘टर्बो लावा, उडत जाल.’ मी लावला, म्हणजे मोटरची मदत सर्वांत वर. दुसऱ्याच तुकड्यावर पुढचं चाक फटीत गेलं, मी दचकून पेडल थांबवलं, तोल सावरायला परत जोरात मारलं, आणि मोटरने सगळी ताकद एकदम दिली. घाबरून मी डावा ब्रेक दाबला, मागचा समजून. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी उजव्या गुडघ्यावर आले. मागच्या गिअरला धरणारा हँगर वाकला, त्याचे पैसेही भरले. गाईड दोनशे मीटर पुढे होता.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा आहे, आणि तो मी कोणाला बदलू देत नाही.

मदतीची पातळी सर्वांत खाली आणा, इको किंवा जे काही नाव असेल ते. बंदही करू नका, कारण पंचवीसेक किलोची सायकल नुसत्या पायांनी दगडावर रेटताना वेग मरतो आणि वेग मेला की तोल जातो. गिअर मधला ठेवा, पाय गोल फिरत राहतील असा. सीट दोन बोटं खाली घ्या. टायर दगडासारखा टणक असेल तर गाईडला थोडी हवा कमी करायला सांगा. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. ‘पंक्चर होईल’ असं तो म्हणेल. रुंद टायर जरा मऊ झाल्याने लगेच पंक्चर होत नाही, टणक टायर मात्र चिऱ्यावरून उडतो.

आता रस्त्याकडे बघा. बऱ्याच ठिकाणी फरसबंदीच्या कडेने सायकलींनी पाडलेली मातीची पायवाट आहे. ती घ्या. काही गाईड याला लबाडी म्हणतात, त्यांना म्हणू दे. एकच अट आहे, चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची आणि कडेच्या जुन्या काठावर किंवा थडग्यांच्या जोत्यांवर चाक चढवायचं नाही. मातीची वाट संपली की मगच दगड.

दगडावर वेग ताशी दहा-बारा. कमी झाला तर चाक प्रत्येक फटीत डोकावतं, जास्त झाला तर हात सुटतात. पेडल थांबवायचं नाही, हलकं आणि सतत मारत राहायचं. फार खडबडीत तुकडा आला तर दोन्ही पेडल समपातळीत आणून सीटवरून जरा उठा आणि गुडघे सैल सोडा. हँडल घट्ट आवळू नका. सगळे आवळतात, आणि मग संध्याकाळी चहाचा कप धरता येत नाही. नजर आठ-दहा मीटर पुढे ठेवा, चाकाखाली बघाल तर चाक तिथेच जाईल. काही ठिकाणी गाड्यांच्या चाकोऱ्या दगडात खोल कोरल्या गेल्या आहेत. त्यांच्यातून समांतर जायचा मोह आवरा. ओलांडायच्याच असतील तर तिरक्या, ठामपणे. पुढच्या सायकलपासून तीन सायकलींइतकं अंतर ठेवा आणि ब्रेक तुकडा सुरू व्हायच्या आधीच लावा, त्याच्यावर नाही.

पाऊस पडून गेला असेल तर उतरा. यावर माझ्याशी वाद घालू नका. बऱ्याच सायकलींना ढकलताना मदत करणारं बटण असतं, माणसाच्या चालीने सायकल स्वतःच पुढे सरकते. गाईडला ते आधीच विचारून ठेवा.

तळहात फारच दुखायला लागले की मी पाहुण्यांना इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याची आठवण करून देते. १९६० च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन तो याच आपियावरून रात्री अनवाणी धावला आणि जिंकला. याने हात दुखायचे थांबत नाहीत, बोलणं थांबतं.

आणि या टप्प्यात थांबत राहा, फक्त पडायचं टाळण्यासाठी नव्हे. रस्ता चार मीटरांच्या जरा वर, रोमन काळच्या दोन गाड्या समोरासमोर जातील एवढा. दुतर्फा पाइनची झाडं, विटांचे ओबडधोबड गाभे उरलेली थडगी. इसवी सनपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर रोमन सेनापती क्रासुसने (हा सेसिलियाचा नवरा नव्हे) सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम याच रस्त्याकडेला क्रुसावर चढवलं होतं. दगडांवर सायकल चालवत ही गोष्ट ऐकवणारा गाईड मला आवडत नाही. ती उभं राहून ऐकायची.

क्विंतिलींचा वाडा आणि जलसेतू

पाचव्या रोमन मैलाजवळ क्विंतिली बंधूंचा वाडा. दोघं भाऊ १५१ साली एकदमच कॉन्सुल, म्हणजे रोमचे बडे अधिकारी, झाले, पुढे सम्राट कोमोदुसने दोघांना मारलं आणि वाडा घशात घातला. वेळ असेल तर आत जा.

जलसेतूंच्या उद्यानाकडे जाताना आपिया नुओवा हा भरधाव रस्ता आणि रेल्वे पार करावी लागते, तेवढा भाग गाईडच्या मागे गुपचूप करा. उद्यानात सपाट माती आहे, इथे हवा तर टर्बो लावा. आक्वा क्लाउदिया या जलसेतूच्या कमानी काही ठिकाणी २५ मीटरच्या वर जातात. काम सम्राट कालिगुलाने इसवी सन ३८ मध्ये सुरू केलं, सम्राट क्लाउदियुसने ५२ मध्ये संपवलं. पाणी सुमारे ६९ किलोमीटरवरून यायचं, बहुतेक जमिनीखालून. शेजारची बुटकी रांग आक्वा फेलिचेची, सोळाव्या शतकातली. तिलाच रोमन समजून लोक फोटो काढतात.

परत येताना

दगडांवरून परत येऊ नका. काफारेल्लातून या. चढ-उतार आहेत, पण तोवर बॅटरी अर्धी शिल्लक असते, कारण तुम्ही दगडांवर इको लावला होता. वाटेत खोऱ्यातली मेंढरं आडवी आली तर थांबा. बेल वाजवू नका, ती बिथरून नेमकी चाकाखाली येतात. मेंढपाळाने हात केला की निघा, आणि निघताना डावा ब्रेक पुढचा आहे हे विसरू नका.