मॅस्टॉइडच्या ऑपरेशनला निघण्यापूर्वी

कान वर्षानुवर्षं वाहतोय, स्रावाला घाण वास येतोय आणि डॉक्टरांनी ‘हाड सडलंय’ असं सांगितलंय, तर पिशवी भरायच्या आधी घरच्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. हे मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन कान सुरक्षित आणि कोरडा करण्यासाठी असतं. ऐकू येणं हा दुसरा मुद्दा. पडद्याआड साठत गेलेली कातडी, म्हणजे कोलेस्टिअटोमा, हाड पोखरते: ऐकण्याची इवली हाडं, चेहऱ्याच्या नसेवरचं आवरण, तोल सांभाळणारी नळी, मेंदूखालचं पातळ हाड. थेंबांनी वाहणं थांबेल, पोखरणं थांबत नाही.

म्हणून तारीख मिळाली तरी काही लक्षणं तारखेसाठी थांबवून ठेवू नयेत. तापासोबत जोरात डोकं दुखणं, उलट्या, मान आखडणं, गुंगी, एका बाजूचा चेहरा वाकडा होणं, गरगरणं, कानामागे सूज: यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. मेंदूज्वर किंवा मेंदूत पू झाला असेल तर आधी जीव, मग कान.

फाईलमध्ये ताजी ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) आणि कानाच्या सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नाही, फिल्म किंवा सीडीसुद्धा हवी. आयुष्मान कार्डावर करणार असाल तर आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) जोडा. चालू औषधं कागदावर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. सर्दी-ताप आला तर आधीच कळवा. आणि आजीचं लसणाचं तेल कपाटातच राहू द्या.

सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा: कानाच्या नळीची मागची भिंत ठेवणार की काढणार? ठेवली तर कान दिसायला, वापरायला नेहमीसारखा राहतो, पण आजार मागे राहिलाय का हे बघायला साधारण वर्षभरानं पुन्हा उघडावा लागू शकतो किंवा एमआरआय करतात. काढली तर पोकळी उरते, ती ठरावीक काळानं डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते, जन्मभर. हाडांची साखळी त्याच वेळी बसवणार की नंतर, तेही विचारा. चेहऱ्याच्या नसेला धोका किती, हे विचारायला संकोच कसला? जिभेच्या एका बाजूची चव काही महिने बदलू शकते.

आदल्या दिवशी केस धुवा. नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घेता येणार नाही. बाळ्या-कुड्या घरी ठेवा. समोरून बटणाचा सदरा घ्या, पट्टीवरून बनियन ओढता येत नाही. भूल सहसा पूर्ण असते, म्हणून त्या सकाळी पोहे-जिलबी बंद. उपाशी किती तास राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सोबतचा माणूस चांगल्या कानाच्या बाजूला बसणारा हवा.

घरी आल्यावर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून, जड उचलायचं नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या वर्षी गच्चीवरूनच बघा, राजवाड्यापुढच्या फवाऱ्यांत नको. आणि फाईल रद्दीत जाऊ देऊ नका. पुढच्या तपासणीत पहिल्या ऑपरेशनची नोंद मागतात.