युद्धाच्या बातम्या करताय आणि डॉक्युमेंटरीकडे वळायचंय?

आधी बातमीची घाई डोक्यातून काढा. बातमीला दीड मिनिट पुरतं, म्हणून आपण स्फोट झाला की शूट करतो आणि पळतो, पण डॉक्युमेंटरीचं खरं मटेरियल धूर बसल्यावर सुरू होतं, एखादी बाई दारातल्या काचा झाडतेय, झाडता झाडता मध्येच थांबते, तेव्हा कॅमेरा बंद करू नका, अजून २० सेकंद तरी धरून ठेवा. निघताना त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, का ते एडिटला बसलात की कळेल.

जुनं फुटेज डिलीट तर अजिबात नको. पत्रकार मिस्तिस्लाव्ह चेर्नोव्ह २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारियुपोलमधून एपी या वृत्तसंस्थेला बातम्याच पाठवत होता, त्याच फुटेजची फिल्म झाली आणि २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं. तीन कॉपी ठेवा, एक दुसऱ्या गावात.

परमिशन परत घ्या, बातमीला हो म्हणालेला माणूस फिल्मला हो म्हणेलच असं नाही, आणि चेहरा दाखवून कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर शॉट कितीही भारी असो, गेला खड्ड्यात. एडिटर मात्र तिथे न गेलेलाच शोधा, आपल्याला प्रत्येक शॉटमागची धावपळ आठवते, त्याला फक्त स्क्रीन दिसते.