नवीन पिस्तूल, पहिली रेंज: डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

परवाना हातात पडेपर्यंत माणूस दमलेला असतो. नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीणमध्ये असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय, मग चौकशी, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लागणारं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, दुकान, शस्त्राची नोंद. एवढं सगळं पार पाडून माणूस .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेऊन नेमबाजीच्या रेंजवर येतो, आणि डोळ्यांवर असतो सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेला काळा गॉगल. नाहीतर रोजचा चष्मा. नाहीतर काहीच नाही.

शस्त्रासाठी एवढा खर्च करणारा माणूस डोळ्यांसाठी हात आखडता का घेतो, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेकांना वाटतं की चष्मा हा आपल्यापुरता प्रश्न आहे, लागलं तर आपल्या डोळ्याला लागेल. तसं नाही. डोळ्याला काही लागलं की हात आपोआप चेहऱ्याकडे जातो, मान वळते, आणि दुसऱ्या हातातल्या पिस्तुलाची नळी कुठे गेली याचं भान त्या क्षणी कोणालाच राहत नाही. डोळा सांभाळणं आणि नळीची दिशा सांभाळणं हे एकच काम आहे.

एका हिवाळ्यात सकाळच्या वेळी शेजारच्या लेनमध्ये हे अगदी जवळून पाहिलं. नवा परवानाधारक, .३२ पिस्तूल, हात तसा स्थिर. काडतुसाची एक रिकामी पुंगळी लेनच्या पार्टिशनवर आदळून उलटी आली आणि त्याच्या गॉगलच्या वरच्या फटीतून आत शिरून भुवई आणि काच यांच्यामध्ये अडकली. नुकतीच सुटलेली पुंगळी चांगलीच तापलेली असते. त्याचा डावा हात गॉगलकडे गेला, तो ओरडत मागे वळला आणि पिस्तूल आमच्या रांगेवर फिरलं. बोट चापावरच होतं. मागे उभ्या असलेल्या कोचने त्याचं मनगट पकडून नळी परत टार्गेटकडे दाबली. भुवईवर लहानसा फोड आला, बाकी कोणाला काही झालं नाही. पण पुढची दहा मिनिटं त्या रेंजवर कोणी बोललं नाही.

म्हणून नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: पुंगळी आत शिरली तर भाजू द्या. आधी बोट चापावरून काढा, नळी टार्गेटकडेच ठेवा, पिस्तूल टेबलावर ठेवा, मग चष्म्याला हात लावा. घरी रिकाम्या हाताने याचा सराव करा. वेळ आली की डोकं चालत नाही, सवय चालते.

आणि ती फटच राहू नये म्हणून पुढे झाप असलेली साधी टोपी घाला. झाप चष्म्याच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकला पाहिजे. कॉलरचं बटण लावा, गळा बंद ठेवा. बहुतेक पिस्तुलांची पुंगळी उजवीकडे उडते, त्यामुळे तुमच्या पुंगळ्यांचा त्रास उजव्या लेनमधल्या माणसाला आणि डावीकडच्याच्या पुंगळ्यांचा त्रास तुम्हाला. उजवी बाजू भिंतीला लागून असेल तर पुंगळी उसळून तुमच्याकडेच येते, हेही लक्षात ठेवा.

"माझं रिव्हॉल्व्हर आहे, पुंगळी उडतच नाही"

हे वाक्य फार ऐकू येतं. आपल्याकडचं सरकारी शस्त्र कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही हे खरं. पण चक्री (काडतुसं भरायचा गोल फिरणारा भाग) आणि नळी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. गोळी सुटताना त्या फटीतून गरम वायू, न जळलेली दारू आणि शिशाचे बारीक कण दोन्ही बाजूंना उडतात. चक्री आणि नळी नीट एका रेषेत येत नसतील तर शिसं जास्तच तासलं जातं. याचा मार चालवणाऱ्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्याला बसतो. भाऊ किंवा मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढायला बाजूला येऊन उभा राहतो, त्याच्या डोळ्यांवर काही नसतं. त्याला मागे पाठवा किंवा चष्मा द्या. आणि आधाराच्या हाताचा अंगठा त्या फटीजवळ जाऊ देऊ नका.

चष्मा कोणता

फुटपाथवरचा गॉगल उन्हासाठी असतो. त्याची काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. रोजच्या नंबरच्या चष्म्याची काच बहुतेकदा साध्या प्लास्टिकची असते, ती मार सोसायला बनवलेली नसते, आणि बाजूने तर तो पूर्ण उघडा असतो.

पॉलीकार्बोनेटची, बाजूने वळून कानशिलापर्यंत झाकणारी काच हवी. काचेवर आणि दांडीवर दोन्हीकडे छाप शोधा: इंग्रजी झेड अक्षर, पुढे ८७ आणि अधिकचं चिन्ह, किंवा युरोपीय मानकाचा ईएन १६६ आणि त्याबरोबर एफ अक्षर. या दोन्ही कसोट्यांत साधारण सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास वेगाने काचेवर मारून पाहतात. भारतीय मानक आयएस ५९८३ आहे. छाप नसेल तर विक्रेता काहीही सांगो, घेऊ नका. हा चष्मा बंदुकीची गोळी अडवत नाही. तो पुंगळी, शिशाचे कण आणि उलट आलेले बारीक तुकडे अडवतो, आणि रेंजवर रोजचा धोका त्यांचाच असतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियमही सगळ्याच नेमबाजांना न फुटणारा चष्मा वापरायला सांगतात, एअर पिस्तूलवाल्यांनासुद्धा, कारण छर्राही कडक जागी लागून परत येतो.

काचेचा रंग: बंद रेंजवर बिनरंगी किंवा पिवळसर. काळी काच फक्त उघड्या उन्हात. अंधारलेल्या लेनमध्ये काळा गॉगल घातला की नळीवरचं नेम धरायचं पुढचं टोक (फ्रंट साइट) दिसत नाही, मग माणूस चष्मा कपाळावर ढकलतो आणि सगळंच मुसळ केरात.

चाळिशीनंतरची अडचण

नागपुरात परवाना घेणाऱ्यांत व्यापारी, शेतकरी, निवृत्त माणसं बरीच असतात, आणि त्यांच्यातले बरेच जण बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतात. नेम धरताना पिस्तुलाचं पुढचं टोक स्पष्ट दिसावं लागतं, टार्गेट थोडं धूसर चालतं. ते टोक हात लांब केल्यावर डोळ्यांपासून हातभरापेक्षा जरा जास्त दूर असतं. जवळच्या नंबरातून, म्हणजे काचेच्या खालच्या भागातून ते बघायचं तर हनुवटी वर उचलावी लागते. मान मागे गेली की चष्म्याच्या खालच्या कडेला फट पडते, तोल मागे जातो, गोळ्या वर लागतात. माणूस मग नेमाला दोष देत बसतो, दोष चष्म्याचा असतो.

यावर उपाय दोन. पहिला, रोजच्या चष्म्यावरून घालता येणारा मोठा सुरक्षा चष्मा. सुरुवातीला तो पुरतो. दुसरा, नंबर घालून केलेला पॉलीकार्बोनेटचा चष्मा, ज्यात नेमाच्या डोळ्याचा नंबर पुढच्या टोकाच्या अंतरासाठी असेल. चष्म्याच्या दुकानात जाताना हात लांब करून डोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून न्या. पिस्तूल न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक डोळा घट्ट मिटून नेम धरण्याची सवय असेल तर दुसरा डोळाही लवकर थकतो. त्याऐवजी नेमाच्या नसलेल्या डोळ्यासमोरच्या काचेवर धूसर टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा.

वाफ, घाम आणि इअरमफ

जुलै-ऑगस्टमध्ये एसी गाडीतून उतरून थेट लेनवर गेलात की थंड काचेवर वाफ धरणारच. पाच-दहा मिनिटं आधी पोचा, चष्मा बाहेरच्या हवेत राहू द्या. मे महिन्यात प्रश्न घामाचा. कपाळाला सुती पट्टी बांधा. वाफ न धरणारा स्प्रे मिळतो, तो पॉलीकार्बोनेटला चालतो का हे बघून घ्या. अमोनिया किंवा अॅसिटोन असलेलं काहीही काचेला लावू नका. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसणं बंद करा. आधी पाण्याने धूळ काढा, मग मऊ कपडा. आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. वरचा थर खराब होतो, दांड्या वाकतात. काडतुसं तर गाडीत अजिबात नकोत.

चष्म्याची दांडी जाड असली की इअरमफची गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि त्या फटीतून आवाज आत येतो. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. पातळ, चपट्या दांडीचा चष्मा घ्या, आत इअरप्लग आणि वरून मफ असं दोन्ही वापरा. आवाजाने दचकणारा माणूस डोळे मिटून चाप ओढतो. कान नीट झाकले की नेम सुधारल्याचं अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

चष्मा कधी काढायचा

स्वतःच्या गोळ्या संपल्या की लोक चष्मा काढतात. शेजारच्याच्या गोळ्या चालूच असतात. रेंजच्या दारात चष्मा चढवायचा आणि पुन्हा दाराबाहेर पडल्यावरच काढायचा. पुसायचा असेल तर शस्त्र रिकामं करून टेबलावर ठेवा, फायरिंग लाइनवरून मागे या, बाहेर जा.

गोळी सुटली नाही तर

परवान्यावरची काडतुसं मोजकी, त्यामुळे लोक ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात. कपाटात दोन-चार पावसाळे काढलेली काडतुसं दगा देतात. चाप ओढला, टक् वाजलं, गोळी सुटली नाही, की लोक नळीत डोकावतात किंवा पिस्तूल आडवं करून बघतात. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. दारू उशिरा पेट घेऊ शकते. रिव्हॉल्व्हर असेल तर लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नका, कारण चक्री फिरून ते काडतूस नळीच्या रेषेतून बाजूला जातं आणि तिथे पेटलं तर गोळीला वाट नसते.

नेहमीपेक्षा हलका, फुस्स आवाज आला तर त्याहून सावध व्हा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडली तर नळी फुटेल. नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा.

रिकामं करण्याचा क्रम

पिस्तुलात आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा. उलटं केलं तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या तोंडाशी बसलेलं) काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं आत जातं, आणि माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं आहे. चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा.

घरी साफसफाई करताना

रेंजवर चष्मा लावणारी माणसंही घरी लावत नाहीत. पिस्तूल उघडताना आतली दाबलेली स्प्रिंग सुटली की थेट तोंडावर येते. साफ करायचं सॉल्व्हंट ब्रशवरून उडतं. म्हणून चष्मा इथेही लावा. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, लेकरं आसपास नकोत. रेंजवरून आल्यावर साबणाने, थंड पाण्याने हात-तोंड धुवा, त्याआधी डोळे चोळू नका, काही खाऊ नका. हातावर शिसं असतं.

काटोल रोडच्या शेतावर किंवा संत्र्याच्या बागेत "जरा बघू" म्हणून झाडावर, दगडावर गोळी मारणं हा सराव नाही. दगडावरून गोळी कुठेही वळते, आणि मोकळी सुटली तर किलोमीटरभर जाऊ शकते. वरातीत, वाढदिवसाला हवेत झाडणं तर गुन्हाच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हलगर्जी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

डोळ्यात काही गेलंच तर

बोट चापावरून बाहेर, शस्त्र टेबलावर, रेंज ऑफिसरला हाक. डोळा चोळू नका. धूळ किंवा दारूची भुकटी असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. पण काही रुतलंय, रक्त आहे किंवा दिसणं कमी झालंय असं वाटलं तर पाणीही मारू नका, दाबू नका, काढायला जाऊ नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर अलगद धरा, कडा हाडावर टेकेल आणि डोळ्याला स्पर्श होणार नाही असा, आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लगेच जा. गाडी स्वतः चालवू नका. गोळीबार करताना लागलं आहे आणि धातूचा कण असण्याची शक्यता आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगा. धातूची शंका असेल तर एमआरआय टाळून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायचं का, हे ते त्यावरून ठरवतात.