‘इनएव्हिटेबल’चं जर्मन करताना

मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, बी 1 ही मधली पातळी संपवलेले विद्यार्थीही इंग्रजी ‘इनएव्हिटेबल’ (अटळ) दिसला की डोळे मिटून ‘उनफरमाइडलिश’ लिहितात. शब्द चुकीचा नाही, पण सगळीकडे तोच ठोकला की खटकतो.

आधी वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘टाळता येणार नाही’ असं तोंडी आलं तर उनफरमाइडलिशच घ्या; ‘फरमायडन’ म्हणजे टाळणे. रुळांवर पाणी आलंय, लोकल रखडणार: ‘डी फरश्पेटुंग इस्ट उनफरमाइडलिश’ (उशीर अटळ आहे). प्रत्येक लग्नात हजर असणाऱ्या काकांनाही हेच विशेषण लागतं, अर्थात चेष्टेनं.

‘करावंच लागेल, दुसरा मार्ग नाही’ असं आलं, उदाहरणार्थ ऑपरेशन, तर ‘उनउमगेंगलिश’. इथे अटळपणापेक्षा गरज मोठी. समोर येऊन ठाकलेला संघर्ष ‘उनआउसवाइशलिश’, परतवता न येणारं संकट ‘उनआबवेंडबार’. हा शेवटचा कायद्याचाही शब्द आहे: जर्मन रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 17 मध्ये अपघाताच्या जबाबदारीसंदर्भात ‘उनआबवेंडबारेस एरआयग्निस’ (अटळ घटना) येतं. विम्याच्या कागदपत्रांत तिथे दुसरा पर्याय घालू नका.

खरी गडबड होते ती ‘इनएव्हिटेबली’पाशी. मराठीत आपण ते नुसत्या ‘च’वर भागवतो: भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबणारच. कारणातून परिणाम असा सरळ निघत असेल तर ‘त्स्वांग्सलॉयफिश’ लिहा. ‘उनवायगरलिश’ही चालतो, पण त्याला जरा नाट्यमय सूर आहे, ‘अमुक गोष्ट तमुककडे नेतेच’ अशा वाक्यात तो शोभतो. ‘असं होईलच असं नाही’ म्हणायचं तर ‘निश्त त्स्वांग्सलॉयफिश’. तिथे ‘निश्त उनफरमाइडलिश’ लिहिलंत तर अर्थ ‘टाळता येण्याजोगं’ असा होतो, म्हणजे वेगळीच गोष्ट.

मग प्रत्यय तपासा. ‘इस्ट’नंतर (म्हणजे ‘आहे’नंतर) विशेषण कोरडंच राहतं; नामाआधी आलं की शेपूट लागतं: ‘आइन उनफरमाइडलिशर फेलर’ (एक अटळ चूक), पण ‘डेर उनफरमाइडलिशं फेलर’ (ती अटळ चूक). क्रियाविशेषणाला काहीच लागत नाही.

शेवटी डीडब्ल्यूडीएस या मोफत ऑनलाइन शब्दकोशात निवडलेला शब्द टाका आणि ‘वोर्टप्रोफिल’ उघडा. तो कोणत्या नामांसोबत आणि क्रियापदांसोबत येतो, ते तिथे दिसतं. तुमचं नाम किंवा त्याच्या जवळपासचं काहीच यादीत नसेल, तर वरच्यांपैकी दुसरा शब्द घालून पुन्हा बघा.